मोशेने नाव विचारलं तेव्हा

होरेब डोंगराच्या पायथ्याशी सासऱ्याची मेंढरं चारताना मोशेला एक झुडूप पेटलेलं दिसतं. जाळ आहे, पण झुडपाची राख होत नाही. तो जवळ जातो तर आतून हाक येते आणि काम सांगितलं जातं : इजिप्तला जा, माझ्या लोकांना सोडवून आण. मोशे व्यवहारी माणूस. तो विचारतो, लोक म्हणतील, तुला पाठवलं कोणी, त्याचं नाव काय, तर मी काय सांगू?

उत्तर मिळतं ते तीन हिब्रू शब्दांचं. एह्ये अशेर एह्ये. बायबलच्या ‘निर्गम’ या पुस्तकातल्या तिसऱ्या अध्यायातलं हे उत्तर म्हणजे नाव नव्हेच. एकच क्रियापद दोनदा आलं आहे, मध्ये ‘जो’ किंवा ‘जे’ अशा अर्थाचा सांधा. ‘हाया’ म्हणजे असणं, होणं, घडणं. त्याचं हे प्रथमपुरुषी रूप. जुन्या हिब्रूतली क्रियापदं आपल्यासारखी भूत, वर्तमान, भविष्य अशा कप्प्यांत बसत नाहीत. क्रिया पुरी झाली की व्हायची आहे, हे ती मुख्यतः सांगतात. इथली क्रिया पुरी झालेली नाही. त्यामुळे मराठीत आणताना ‘मी आहे’, ‘मी असतो’, ‘मी असेन’, ‘मी होईन’ यांतलं काहीही बसू शकतं. माझं मत विचाराल तर ‘असेन’. कारण दोनच वचनं आधी, हेच क्रियापद वापरून, देवाने मोशेला सोबतीचा शब्द दिलेला आहे. म्हणजे उत्तराचा रोख काहीसा असा : नाव कसलं विचारतोस, चल तर खरा, मी कोण ते वाटेत कळेल.

या प्रकरणात त्या क्रियापदाचा माग काढायचा आहे. आजचा ख्रिस्ती माणूस देवाबद्दल बोलताना अविकारी, निराकार, कालातीत अशी विशेषणं सहज वापरतो. त्यांतली बरीचशी मोशेच्या डोंगरावरून थेट आलेली नाहीत. ती अथेन्सहून आली आणि त्यांनी गाडी बदलली अलेक्झांड्रियाला.

इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात ज्यूंची मोठी वस्ती होती. घरातली बोली ग्रीक झालेली, हिब्रू दुरावत चाललेली. तेव्हा शास्त्र ग्रीकमध्ये आणायला घेतलं गेलं. बहात्तर पंडितांनी ते केलं अशी दंतकथा आहे. त्यावरून पुढे त्याला ‘सत्तर’ या अर्थाचं लॅटिन नाव पडलं, सेप्टुअजिंट. निर्गमच्या त्या वचनाशी आल्यावर या मंडळींनी लिहिलं ‘हो ऑन’, म्हणजे ‘जो असणारा, तो’. व्याकरणात बदल बारीकसा, क्रियापदाचं धातुसाधित झालं. पण ज्याला संस्कृतचा थोडाफार गंध आहे त्याने इथे कान टवकारावेत. ग्रीक ‘ऑन’ आणि आपलं ‘सत्’ ही एकाच मूळ धातूची सख्खी भावंडं. वाटेत सोबत करणारा ‘असेन’ त्या दिवशी ‘सत्’ होऊन बसला. आणि ‘सत् म्हणजे काय’ या प्रश्नावर ग्रीकांनी तोवर दोनशे वर्षं डोकं चालवलेलं होतं.

त्याची सुरुवात चेष्टेतून झाली. इसवी सनापूर्वी सहाव्या शतकातला झेनोफनीझ हा गावोगाव फिरणारा कवी म्हणायचा की बैलांना आणि घोड्यांना हात असते तर त्यांनी बैलांसारखे आणि घोड्यांसारखे देव काढले असते. होमरच्या काव्यातले देव चोऱ्या करतात, व्यभिचार करतात, एकमेकांना फसवतात, हे त्याला सहन होत नव्हतं. खरा देव एकच, तो जागचा हलत नाही, नुसत्या विचाराने सगळं हलवतो, असं त्याचं म्हणणं. प्लेटोने ‘रिपब्लिक’च्या दुसऱ्या भागात याला तर्काची चौकट दिली. जे परिपूर्ण आहे ते बदललं तर वाईटाकडेच बदलणार, कारण चांगल्याकडे जायला जागाच उरलेली नाही. म्हणून देव बदलत नाही. ॲरिस्टॉटल आणखी पुढे गेला. जगातली प्रत्येक हालचाल दुसऱ्या कशामुळे तरी होते, तेव्हा या साखळीच्या मुळाशी स्वतः न हलता हलवणारं काहीतरी हवं. तो देव. तो करतो काय? विचार. कशाचा? स्वतःच्या विचाराचा, कारण दुसरं काही त्याच्या योग्यतेचं नाही. जग त्याच्या ओढीने फिरतं, पण त्याची नजर जगाकडे असण्याचं कारण नाही. अशा देवापुढे गाऱ्हाणं घेऊन कोण जाईल?

आता हा देव आणि बायबलमधला देव शेजारी ठेवून पाहा. ‘उत्पत्ती’च्या सहाव्या अध्यायात माणसांची दुष्टाई पाहून देवाला माणूस घडवल्याचा पस्तावा होतो, त्याच्या जिवाला लागतं. सोन्याचं वासरू पुजणाऱ्या इस्राएली लोकांवर तो भडकतो, मोशे त्याच्याशी हुज्जत घालतो आणि देव बेत बदलतो. ग्रीक शाळेत शिकलेल्या ज्यूला हे वाचताना अवघडल्यासारखं होत असणार. गंमत अशी की अवघडलेपणा भाषांतरातच दिसतो. ‘उत्पत्ती’च्या त्या वचनात हिब्रूत जिथे पस्तावा आहे, तिथे सेप्टुअजिंटमध्ये देवाने ‘मनात विचार केला’ अशा अर्थाचा सौम्य शब्द आला आहे.

त्या वचनावर फिलो या अलेक्झांड्रियाच्या ज्यू विद्वानाने पुरता एक ग्रंथ लिहिला आणि त्याचा विषयच ‘देव अविकारी आहे’ हा. फिलो येशूचा समकालीन. शहरात ज्यूंवर हल्ले झाले तेव्हा रोमला गेलेल्या शिष्टमंडळाचा तो प्रमुख होता. सम्राट कॅलिग्युलाने या मंडळींना वाड्याच्या दालनांतून आपल्यामागे फरफटवलं आणि दुरुस्तीच्या सूचना देता देता मध्येच विचारलं की तुम्ही डुकराचं मांस का खात नाही. असा जगाचा अनुभव घेतलेला माणूस. त्याचा तोडगा असा : शास्त्रात देवाला राग येतो, पस्तावा होतो, हे बोलणं शिकवण्यापुरतं, लहान मुलाला बापाने दटावावं तसं. ज्याला पुढचं कळतं त्याने समजून घ्यावं की देवाला विकार नसतात. पुढची दीड हजार वर्षं ख्रिस्ती पंडितांनी हाच तोडगा वापरला, फिलोचं नाव घेऊन किंवा न घेता.

फिलोकडचा दुसरा शब्द ‘लोगोस’. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ शब्द, हिशेब, विवेक, सूत्र, असा पसरट. स्टोइक पंथाचे लोक विश्वात भरून राहिलेल्या विवेकाला लोगोस म्हणत. फिलोने तो न हलणारा देव आणि हे हलतं जग यांच्यामध्ये दुवा म्हणून बसवला. योहानाचं शुभवर्तमान याच शब्दाने उघडतं. मराठी बायबलमध्ये तिथे ‘शब्द’ येतो, आणि दुसरं काही लिहिणं अवघडच होतं. पण त्या एका शब्दामागे केवढा बाजार भरलेला होता याचा वाचकाला पत्ता लागत नाही. योहान लोगोसचं जे पुढे करतो ते मात्र कुठल्याही तत्त्वज्ञाला झेपणारं नव्हतं. हा लोगोस हाडामांसाचा माणूस झाला, असं तो सांगतो.

सगळ्यांनाच हा शेजार पसंत नव्हता. कार्थेजच्या टर्टुलियनने इसवी सन २००च्या सुमारास विचारलं की अथेन्सचा जेरुसलेमशी संबंध काय. हा सवाल आजही प्रवचनांतून ऐकू येतो. पण याच टर्टुलियनचं मत होतं की देव आत्मा असला तरी आत्म्यालाही एक प्रकारचं शरीर असतं, आणि हे मत तर शुद्ध स्टोइक. दारातून हाकललेलं अथेन्स मागच्या खिडकीतून त्याच्या घरात आधीच शिरलेलं होतं. पिता, पुत्र (येशू) आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, या ‘त्रैक्या’च्या कल्पनेचा लॅटिन शब्द ‘त्रिनितास’ ख्रिस्ती लेखनात आणला तोही यानेच. तीन ‘पेर्सोना’, एक ‘सुब्स्टान्शिया’ (सत्त्व) हे सूत्रही त्याचंच. पेर्सोना म्हणजे मूळचा नाटकातला मुखवटा.

खरी परीक्षा झाली ३२५ साली. अलेक्झांड्रियातला आरियस नावाचा पाद्री शिकवू लागला होता की पिता अनादी आहे, पण पुत्राला आरंभ आहे. तो सगळ्या सृष्टीच्या आधीचा खरा, तरी निर्माण केलेलाच. सम्राट कॉन्स्टंटाइनने वाद मिटवायला निकिया इथे धर्मसभा भरवली. हे गाव आज तुर्कस्तानात इझनिक नावाचं सरोवराकाठचं छोटं शहर आहे. परंपरा ३१८ बिशप जमल्याचं सांगते. प्रत्यक्षात थोडे कमी असावेत. बरेच दिवस खल झाला आणि जो शब्द निवडला गेला तो बायबलमध्ये कुठेही नव्हता. होमोऊसिऑस. पुत्र पित्याशी ‘एकाच ऊसियाचा’. हा ‘ऊसिया’ कुठून आला? त्याच ‘ऑन’च्या स्त्रीलिंगी रूपावरून. ‘सत्’वरून ‘सत्त्व’ घडावं तसा. मोशेला मिळालेल्या क्रियापदाचं आता भाववाचक नाम झालं होतं.

शब्द ठरला, वाद वाढला. कोणी म्हणाले ‘एकाच सत्त्वाचा’ नको, ‘सारख्या सत्त्वाचा’ म्हणू या : होमोइऊसिऑस. ग्रीक लिपीत फरक आयोटा या सर्वांत बारक्या अक्षराचा. त्यावरून बिशप हद्दपार झाले. अथनेशियस हा निकियाचा कट्टर पाठीराखा, तो पाच वेळा देशोधडीला लागला. हे भांडण केवळ पंडितांचं होतं असं मात्र समजू नये. निस्साचा ग्रेगरी चौथ्या शतकाच्या अखेरीस वैतागून सांगतो की कॉन्स्टँटिनोपलमध्ये नाणं मोडून मागावं तर सराफ जनित-अजनित यावर व्याख्यान देतो, पावाचा भाव विचारावा तर पाववाला पिता मोठा की पुत्र ते सांगतो, आणि हमामखान्यात पाणी तापलं का म्हणावं तर तिथला गडी पुत्र शून्यातून निर्माण झाल्याचं ऐकवतो. आपल्याकडे निवडणुकीच्या दिवसांत केशकर्तनालयात बसलेल्या माणसाला हे चित्र अगदी ओळखीचं वाटेल.

इथे एक गोष्ट नीट पाहायला हवी, कारण तिच्यावरून पुढे बराच गैरसमज झाला. निकियाचा शब्द ग्रीक, म्हणून निकियात ग्रीक तत्त्वज्ञान जिंकलं, असं अनेकांनी लिहिलं. मला उलट वाटतं. ग्रीक पद्धतीने विचार करणारा आरियस होता. परम तत्त्व भुकेलं होत नाही, रडत नाही, मरत नाही. येशूला भूक लागली, तो रडला, मेला. म्हणून तो परम तत्त्व नव्हे. किती नेटकं! सभेने तत्त्वज्ञांचा शब्द उसना घेतला आणि कोणत्याही तत्त्वज्ञाला मान्य झालं नसतं असं विधान त्यात भरलं. पण उसन्या शब्दाचं व्याज चढत जातं. देवाचं सत्त्व अविकारी, हे गृहीत कोणी सोडलं नव्हतं. मग वधस्तंभावर दुखलं कोणाला? पाचव्या शतकात अलेक्झांड्रियाचा सिरिल म्हणाला की लोगोसने दुःख न होता दुःख भोगलं. हे उत्तर म्हणावं की उत्तराचा अभाव, ते ज्याने त्याने ठरवावं.

लॅटिन जगात हा सांधा जुळवला ऑगस्टीनने. ‘कबुलीजबाब’ या आत्मकथनात तो सांगतो की तरुणपणी त्याला देव म्हटलं की अफाट समुद्र दिसायचा, आणि जग म्हणजे त्या समुद्रात भिजलेला, तुडुंब भरलेला स्पंज. शरीराशिवाय काही असू शकतं हेच त्याच्या डोक्यात शिरेना. मग ३८६च्या सुमारास मिलानमध्ये त्याच्या हाती ‘प्लेटोवाद्यांची पुस्तकं’ पडली, बहुधा प्लोटिनसची. (हा प्लोटिनस भारतीयांचं तत्त्वज्ञान जाणून घ्यायच्या ओढीने २४३ साली रोमन फौजेबरोबर इराणच्या स्वारीवर निघाला होता. स्वारी फसली आणि तो जीव वाचवून परतला. तो गंगेकाठी पोहोचला असता तर युरोपची धर्मशास्त्रं कशी दिसली असती, या विचारात मी एकदोन संध्याकाळी घालवल्या आहेत.) त्या पुस्तकांनी ऑगस्टीनचा स्पंज पिळून कोरडा केला. देव जागा व्यापत नाही, काळात राहत नाही, हे त्याला उमगलं. योहानाच्या आरंभीच्या बऱ्याच गोष्टी त्या पुस्तकांत सापडल्या, असं तो मोकळेपणी सांगतो; सापडलं नाही ते मुख्यतः शब्द देहधारी झाल्याचं. पुढे ‘देवाचं नगर’ या ग्रंथात तर तो प्लेटोने मोशेची पुस्तकं वाचली असावीत या शंकेपर्यंत येतो, आणि त्याचं सर्वांत मोठं कारण देतो निर्गममधलं तेच नाव. भाषांतरकारांनी प्लेटोच्या शब्दात उतरवलेलं नाव वाचून ऑगस्टीनला प्लेटोच मोशेचा शिष्य वाटू लागला!

पुढची आठशे वर्षं भराभर ओलांडू. ॲरिस्टॉटलची पुस्तकं बगदाद आणि स्पेनमार्गे, अरबी भाष्यांसह, लॅटिन युरोपात आली. पॅरिसमध्ये १२१० साली त्याच्या निसर्गविषयक ग्रंथांवर बंदी होती; १२५५मध्ये तेच ग्रंथ अभ्यासक्रमात लागले. धर्मशास्त्री थॉमस अक्वायनसने तत्त्वज्ञ इब्न सीनाकडून ‘वस्तू काय आहे’ आणि ‘वस्तू आहे’ हा भेद घेतला आणि सांगितलं की फक्त देवाच्या ठायी हे दोन वेगळे नाहीत. देव म्हणजे निव्वळ असणं. देवाचं सर्वांत योग्य नाव कोणतं, याचं ‘सुम्मा’ या ग्रंथातलं त्याचं उत्तर लॅटिन दोन शब्दांचं : क्वी एस्त, ‘जो आहे’. आधाराला निर्गम, अध्याय तिसरा.

या देवाची किंमत काय, हे कॅथलिक विचारवंत ॲन्सेल्मने त्याआधीच, अकराव्या शतकात, फार प्रामाणिकपणे लिहून ठेवलं होतं. तू दयाळू कसा आणि निर्विकारही कसा, असं तो देवालाच विचारतो. उत्तर काढतो की दया आमच्या अनुभवात आहे, तुझ्या नाही. तापाने फणफणलेल्या पोराच्या कपाळावर गार हात यावा, पोराला बरं वाटावं, पण हाताच्या धन्याच्या पोटात काहीच तुटू नये, तशातला प्रकार. सुधारणेच्या चळवळीने पोपला झुगारलं, पण हा देव झुगारला नाही. अँग्लिकन चर्चच्या एकोणचाळीस कलमांतलं पहिलंच कलम देवाला देह नाही, अवयव नाहीत, विकार नाहीत असं सांगतं.

ब्लेझ पास्कल वारल्यावर, १६६२ साली, त्याच्या नोकराला कोटाच्या अस्तरात शिवलेला कागद सापडला. त्यावर १६५४च्या नोव्हेंबरातल्या एका रात्रीचा अनुभव टिपलेला होता : अग्नी, आणि अब्राहाम-इसहाक-याकोबाचा देव, तत्त्वज्ञांचा नव्हे. आठ वर्षं हा थोर गणिती तो कागद अंगाशी बाळगून होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बर्लिनच्या आडोल्फ हारनॅकने हेच इतिहासकाराच्या भाषेत मांडलं. चर्चचा सिद्धांत म्हणजे शुभवर्तमानाच्या जमिनीत ग्रीक बुद्धीने घेतलेलं पीक, ते उपटा म्हणजे खाली येशूचा साधा देवपिता सापडेल. पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी २००६ साली रेगेन्सबुर्गच्या व्याख्यानात त्याला विरोध केला. बायबल आणि ग्रीक विचार यांची भेट हा अपघात नव्हता, असं म्हणताना त्यांनीही जळत्या झुडपातलं तेच नाव पुढे केलं. त्या व्याख्यानातल्या इस्लामविषयीच्या एका अवतरणावरून जगभर आग भडकली आणि मूळ मुद्दा धुरात हरवला.

निर्विकार देवाला खरा धक्का ग्रंथालयातून बसला नाही. जुलै १९४३मध्ये हॅम्बुर्गवर बॉम्ब पडत होते. विमानविरोधी तोफेवर नेमलेला सतरा वर्षांचा युर्गेन मोल्टमान वाचला, शेजारी उभा असलेला मित्र गेला. पुढे तो पकडला गेला आणि १९४८पर्यंत युद्धकैदी होता. छावणीत त्याला बायबल मिळालं. पुढे १९७२ साली त्याने ‘क्रूसावर दिलेला देव’ हे पुस्तक लिहिलं. ज्याला दुःख होऊ शकत नाही त्याला प्रेमही करता येत नाही, हा त्याचा मुद्दा. अमेरिकेत देवाला भविष्य सगळं ठाऊक असतं का यावरून असाच वाद पेटला आणि २००३मध्ये इव्हँजेलिकल धर्मशास्त्रज्ञांच्या संघटनेत, देव भविष्याबाबत मोकळा आहे म्हणणाऱ्या दोन सभासदांना काढायचं की नाही यावर मतदान झालं. दोघेही राहिले.

या भांडणात एक मराठी आवाज आहे. १८८३च्या सप्टेंबरात पंडिता रमाबाईंचा इंग्लंडमध्ये वाँटेजला बाप्तिस्मा झाला. त्यांच्या मनावर नीलकंठशास्त्री उर्फ नेहेम्या गोरे यांच्या युक्तिवादांचा ठसा होता. हे चित्पावन पंडित ख्रिस्ती झाल्यावर ‘षड्दर्शनदर्पण’मध्ये वेदान्त्यांच्या निर्गुण ब्रह्मावर तुटून पडले होते : ज्याला गुण नाही, ज्ञान नाही, कर्तेपण नाही, ते असून नसल्यासारखं. अँग्लिकन चर्चचं पहिलं कलम त्यांच्या त्या तर्कापुढे कसं टिकतं, हा प्रश्न मला नेहमी पडतो. रमाबाईंनी तर बाप्तिस्म्यानंतर दोनएक वर्षांतच वाँटेजच्या सिस्टर जेराल्डीन आणि शिक्षिका डोरोथिया बील यांना पत्रांमागून पत्रं लिहून त्रैक्यावर आणि ख्रिस्ताच्या देवत्वावर शंका घेतल्या. सिस्टरबाई कासावीस झाल्या. कोणा बिशपने सांगितलं म्हणून मान तुकवायला रमाबाई तयार नव्हत्या; शास्त्रात कुठे आहे ते दाखवा, हा त्यांचा हट्ट. निकियातल्या कितीतरी बिशपांना नेमकी हीच अडचण वाटली होती.

पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी हिब्रू आणि ग्रीकचा अभ्यास करून सगळं बायबल स्वतः मराठीत आणायला घेतलं. शब्द साधा हवा, बायाबापड्यांना कळणारा हवा, असा आग्रह. खिळे जुळवायला आणि छपाईला मिशनमधल्याच मुली. काम संपत आलं आणि १९२२च्या एप्रिलमध्ये त्या गेल्या. पुस्तक १९२४मध्ये बाहेर पडलं. त्या वर्षांत कधीतरी निर्गमचा तिसरा अध्याय टेबलावर आला असणारच. मध्ये ग्रीक नाही, लॅटिन नाही, चर्चची कलमं नाहीत. एका बाजूला ‘एह्ये’, दुसऱ्या बाजूला ‘आहे’, ‘असतो’, ‘असेन’, ‘होईन’. मुलींनी खिळे उचलण्याआधी त्यांना त्या क्रियापदाचा काळ ठरवावा लागला.